मामा, परत एकदा टाका

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत ते सर माझ्यानंतर कीबोर्ड पुसतात. लपूनछपून नाही, माझ्यासमोर. टेबलावर ओल्या कागदी रुमालांचं पाकीट असतं. त्यातला एक ओढायचा, माझी बोटं जिथं जिथं पडली ती बटणं आधी पुसायची, मग लांब पट्टी, मग कडा. पुसता पुसता बोलणं चालूच. "तुला सांगतो, टेक्नॉलॉजीत जात नाही, पैसा नाही, डिग्री नाही. इथे सगळे सेम." एवढं बोलून तो रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून डब्यात टाकायचा.

माझी बोटं पिवळी आहेत, हे खरं. तेजाबानं होतात. साबणानं जात नाहीत, कातडी सोलून निघाली की तिच्याबरोबर जातात. आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं नववी-दहावीतून उठतात आणि गलाईला जातात, म्हणजे सोनं-चांदी गाळायला. देशात ज्या गावात कुणी भावकीतला भट्टी घालून बसलाय त्या गावात पोरगं धाडायचं, अशी रीतच पडलीय. आईच्या माहेरच्या भावकीतले एक मामा बंगळुरात, पेठेतल्या बोळात बसतात. मी नववी करून त्यांच्याकडं आलो. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात टाकायचे, भेसळ तेजाब खातं, चोख सोनं खाली राहतं आणि धूर आपल्या छातीत राहतो. एवढाच धंदा.

माझे वडील हाच धंदा तमिळ मुलखात करून परत आले. आता दारातल्या कट्ट्यावर बसतात. पाण्याचा तांब्या आतून आणायचा झाला तर आधी उंबऱ्याकडं बघतात, मग ठरवतात, तहान आहे का नाही.

मला खोकला लागला तेव्हा मामांनी दोन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले, मामांना सगळं कळलं, मला अर्धं. बाहेर येऊन मामा म्हणाले, "दिवाळीपत्तर कायतरी दुसरं बघ. न्हाई गावलं तर गावाकडं जा. तुला धुरात घालून तुझ्या आईला काय तोंड दावू मी?"

गावाकडं जा म्हणजे कट्ट्यावर वडिलांच्या शेजारी जा. तिथं दुसरं काही नव्हतं. मी मान हलवली आणि त्या दिवसापासून दिवाळीला किती दिवस उरले ते मोजायला लागलो.

अशा वेळी सर दुकानात आले. आजीच्या पाटल्या मोडायच्या होत्या. मामा नि मी बोलताना ऐकलं आणि म्हणाले, "अरे! मराठी?" पुण्यातून बंगळुरात आलेली माणसं असं विचारतात, जसं काही त्यांना भाषा रस्त्यावर पडलेली सापडली. आम्ही हो म्हणालो. मग त्यांनी माझा खोकला ऐकला, शिक्षण विचारलं, वय विचारलं, आणि पाटल्या वितळून पिवळं पाणी व्हायच्या आत माझं आयुष्य ठरवून टाकलं.

"तू सी शिक."

"काय सी?"

"सी रे. प्रोग्रॅमिंग. आजकालची पोरं डायरेक्ट वरचं शिकतात, बेसिक्स शून्य. तू सी शिक. रविवारी ये माझ्याकडे. एक पैसा घेणार नाही."

पैसा घेणार नाही हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं, आणि त्यानंतर दर रविवारी सांगितलं. वहिनींना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला सांगितलं, फोनवर आईला सांगितलं. "हो गं, फ्री शिकवतोय. नववी पास आहे. नाही गं, चोरी-बिरी नाही, चांगला आहे बिचारा."

सर येलहंकाला राहतात, उंच इमारतीत. पेठेतून बस धरून मी सकाळी पोचायचो. गेटवर रखवालदार माझं तोंड ओळखत असूनही दर वेळी वर फोन लावायचा. वर पोहे मिळायचे. पोहे चांगले होते. ह्या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पोह्यांबरोबरच्या बोलण्याची होती. इथं मिसळ मिळत नाही, इथं ट्रॅफिक, इथं सांबारात गूळ, इथल्या माणसांना हिंदी येत नाही. पाच वर्षं राहून सरांना रिक्षावाल्याला "स्वल्प मुंदे" म्हणता येत नव्हतं, म्हणजे जरा पुढं घे. ते मी म्हणायचो, फोनवरून, त्यांच्या रिक्षावाल्याला.

पण माझी पुढची नोकरी ज्याच्या हातात होती तो त्यांचा घरमालक, आणि त्याची किल्ली सरांच्या हातात होती. घरमालक म्हणजे अण्णा. शेकडो वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले, राजाजीनगरात विजेवरचे वजनकाटे बनवायचा छोटा कारखाना. त्या काट्यांच्या पोटात जो मेंदू असतो तो सीमध्ये लिहितात. अण्णांना जुळणीच्या टेबलावर एक पोरगा पाहिजे होता. काटे जोडायचे, आणि मधूनमधून त्या मेंदूतल्या बारीकसारीक गोष्टी सुधारायच्या. सर त्यांना म्हणाले होते, माझा एक मुलगा आहे, तयार करून आणतो. अण्णा म्हणाले होते, "आणा, बघूया. एक प्रोग्रॅम दाखवू दे. मी आकडे टाकतो. बंद पडला नाही तर पोराला ठेवतो." अण्णांच्या मराठीची सरांना फार कीव यायची. "ही काय मराठी आहे? सरी म्हणे, स्वल्प म्हणे." सरी म्हणजे बरं, ठीक. सरांच्या स्वतःच्या वाक्यात चार शब्दांपैकी तीन इंग्रजी असायचे, ते बहुतेक चालत असावेत.

सरांनी मला त्यांचा जुना लॅपटॉप दिला. कडेला कुठल्या कुठल्या कंपन्यांची चित्रं चिकटवलेली. देताना म्हणाले, "हा भंगारातच जाणार होता." मी दोन्ही हातांनी घेतला. वाकलो. खरंच वाकलो, आणि आतून शिवी आली तीही खरीच होती.

प्रोग्रॅम आमच्या दुकानाचाच लिहायचा ठरला. गिऱ्हाईक किती नग देतंय, वजन किती, टंच किती म्हणजे चोखपणा किती, एवढे तीन प्रश्न विचारायचे आणि शेवटी चिठ्ठी पडद्यावर दाखवायची. पुस्तकात बघून मी तो लिहिला. सीमध्ये आकडा विचारायला स्कॅनएफ नावाचा हुकूम असतो. मी आकडे टाकले, चिठ्ठी आली. मला वाटलं, झालं! शाळा सोडून आपण उगाच रडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भट्टी पेटायच्या आत, लॅपटॉप मामांपुढं ठेवला. मामांनी चष्मा लावला, देवाकडं बघितलं, एका बोटानं बटणं शोधायला लागले. पडद्यावर प्रश्न होता, नग किती? गिऱ्हाइकाचा नग एकच होता, एक जाड बांगडी. मामांनी एकेक अक्षर हुडकून इंग्रजी अक्षरांत 'लाभ' लिहिलं आणि एंटर दाबलं.

आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. मामा शेतातून उठून भट्टीवर आले तेव्हा ती मोजणी बरोबर घेऊन आले. आयुष्यात त्यांनी सकाळी पहिल्या नगाला एक म्हटलेलं नाही. मशीन झालं म्हणून का म्हणतील?

पडदा पळायला लागला. नग किती, नग किती, नग किती, खालून वर, थांबेचना. मामा मागं सरकले.

"आरं येडं झालं का काय हे?"

"थांबा, थांबा मामा."

"मी काय केलं न्हाई हां. मी फकस्त लाभ म्हटलं."

मी झाकण बंद केलं. आतून पंख्याचा आवाज येतच राहिला.

रविवारी सरांना सांगितलं. ते आधी हसले, मग वहिनींना बाहेर बोलवून पुन्हा हसले. "लाभ टाकलं! अगं, इंटीजरमध्ये लाभ!" वहिनींना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्याही हसल्या. डोळे पुसून सर म्हणाले, "पहिला नियम लिहून घे. युजर हा गाढव असतो."

त्यानंतर त्यांनी जे शिकवलं ते मात्र एकदम नीट शिकवलं. हेच तर माझं दुखणं आहे. माणूस निव्वळ पोकळ असता तर मी कधीच मोकळा झालो असतो. ते म्हणाले, स्कॅनएफला आकडा पाहिजे म्हटलं की तो आकडाच घेणार. अक्षर दिलं तर तो घेत नाही आणि फेकूनही देत नाही, तसंच दाराशी ठेवतो. तुझा प्रोग्रॅम पुन्हा विचारतो, तो पुन्हा दाराशी जातो, तिथं तेच अक्षर. त्याला काही मिळालं का, हे तो तुला परत येऊन सांगतो. तू विचारतच नाहीस. आधी ते विचार. नाही म्हणाला तर दारातलं झाडून काढ आणि मगच पुन्हा विचार.

मी झाडायचं शिकलो. चुकल्यावर पडद्यावर काय दाखवायचं ते मात्र सरांनी स्वतः टाईप केलं, मोठ्या अक्षरांत. आर यू मॅड? एंटर नंबर.

"सर, हे..."

"ह्यूमर रे. डेव्हलपर्समध्ये चालतं."

मी डेव्हलपर नव्हतो आणि मामा तर नव्हतेच. पण सर दर रविवारी लॅपटॉप उघडून आधी स्वतः बघायचे. मी काही पुसलं तर कळेल, कळलं तर रागावतील, रागावले तर अण्णांना फोन जाणार नाही, फोन गेला नाही तर कट्टा. माझं डोकं त्या दिवसांत असंच चालायचं, कुठूनही निघालं तरी कट्ट्यावर जाऊन बसायचं. मी ते वाक्य ठेवलं.

मामांनी सकाळी पुन्हा लाभ टाकलं. पडदा पळाला नाही. ते वाक्य आलं. मामांनी चष्मा वर करून बघितलं.

"काय म्हणतंय?"

"आकडा टाका म्हणतंय."

"येवढं लांब?"

"इंग्रजीत लांब असतंय, मामा."

"आरं पण आकडाच टाकलाय की. लाभ म्हंजे काय भाजी हाय व्हय?"

 ह्याचं उत्तर सरांजवळ असतं, पण त्यांना विचारायचं मला धैर्य नव्हतं. शेवटी एकचा आकडा मीच दाबला, मामांनी दुसरीकडं बघितलं, बोहणी झाली. तो सगळा दिवस मामा गिऱ्हाइकांशी तुटक बोलले.

मग वजनाची भानगड झाली. आमच्याकडं बारा ग्रॅम तीनशे चाळीस मिली, म्हणजे मिलिग्रॅम, असं बोलतात, मध्ये टिंब म्हणत नाही कुणी. मामांनी बारा लिहिलं, जागा सोडली, तीनशे चाळीस लिहिलं. ह्या वेळी ना पडदा पळाला ना ते वाक्य आलं. प्रोग्रॅम खुशाल पुढं गेला आणि चिठ्ठी दाखवली: वजन बारा, टंच तीनशे चाळीस. काउंटरपलीकडं रोजचा एक कारागीर उभा होता. त्यानं वाकून वाचलं.

"शंभराच्या वर टंच! मामा, आता इथं पितळ आणून देतो, सोनं करून द्या."

तो हसला, मामाही हसले, पण मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गलाईत माणसाजवळ विकायला दुसरं काही नसतं. लोक सोनं तुमच्या हातात सोडून बाहेर चहाला जातात, का तर वजनात फरक पडत नाही म्हणून. इथं मिली गायब झाले होते आणि माझ्या मशीनला त्याची लाजही नव्हती. मामांनी चिठ्ठी हातानं लिहून दिली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "तुझ्या त्या सायबाला इचार, मिली कुठं गेलं."

ते मला त्याच दुपारी कळलं, मूस धुताना. मुशीतून ओतल्यावर एखादा थेंब तळाला चिकटून राहतो. ती तशीच वापरली तर मागच्या गिऱ्हाइकाचं सोनं पुढच्याच्यात जातं आणि दोघांचाही टंच बिघडतो. म्हणून ओतल्यावर मूस उलटी करून ठोकतात. माझ्या प्रोग्रॅमनं वजनाच्या प्रश्नाला बारा घेतला होता, तीनशे चाळीस तळाला राहिला होता, आणि टंचाचा प्रश्न आल्या आल्या तो त्यात पडला होता. एवढं दिसलं तरी करायचं काय ते कळेना. ठोकून टाकला तर मिली जाणारच होते.

ते सरांनी सांगितलं. म्हणाले, तुकड्यातुकड्यांनी घेऊच नकोस. माणूस एंटर दाबेपर्यंत जे काही लिहील ती सगळी ओळ उचल, बाजूला ठेव, आणि मग त्यातून आकडा काढ. आकडा काढून झाला की मागं शेपूट उरलंय का बघ. शेपूट असेल तर अख्खी ओळ परत कर. अर्धं घ्यायचं नाही कुणाचं. हे सांगताना सर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, हात हलवत होते, इंग्रजी कमी झालं होतं, चेहराही बरा दिसत होता. मी त्या अर्ध्या तासासाठी त्यांचे पाय धरले असते. मग त्यांनी रुमालाचं पाकीट ओढलं.

मी सगळं नव्यानं लिहिलं. ओळ उचलायची, तपासायची, शेपूट बघायचं. आता ओळ माझ्या हातात अख्खी होती, म्हणजे तिच्यात लाभ लिहिलंय का हेही बघता येत होतं. मी बघितलं. लाभ असेल तर एक धर, असं एका जागी लिहिलं. आणि ते मोठ्या अक्षरांतलं वाक्य काढून टाकलं. त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: मामा, परत एकदा टाका.

मामांनी सकाळी लाभ टाकलं आणि पडदा मुकाट्यानं पुढच्या प्रश्नावर गेला. मामांनी चष्मा नीट बसवला. वजन मात्र जागा सोडूनच लिहिलं, मग प्रोग्रॅमनं परत मागितलं. मामांनी ओठ हलवत वाचलं. "मला म्हणतंय?" म्हणाले आणि टिंब शोधायला लागले.

सरांनी रविवारी लाभाची ओळ बघितली आणि तिथंच थांबले. खाली गेलेच नाहीत.

"हे काय आहे?"

"सर, ते मामांना..."

"अंधश्रद्धा कोडमध्ये? सीरियसली? उद्या लिंबू-मिरची बांधशील स्क्रीनला?" वहिनींना हाक गेली. वहिनी आल्या, हसल्या, गेल्या. "ऐक. युजरला शिस्त लावायची असते. युजरच्या मागे मशीन धावत नाही. ही लाइन ठेवून तू अण्णांसमोर बसणार असशील तर मी येणार नाही. माझं नाव आहे तिथे."

नाव! घरभाडं वेळेवर देतात एवढंच त्यांचं नाव तिथं. पण तेवढंही माझ्याकडं नव्हतं, आणि दिवाळीला फार दिवस नव्हते. मी लाभाची ओळ तिथल्या तिथं पुसली, त्यांच्या डोळ्यांसमोर. "गुड," सर म्हणाले आणि कीबोर्ड पुसला.

घरी जाऊन दुकानासाठी ती ओळ मी परत घातली. राजाजीनगरला न्यायची प्रत वेगळी ठेवली, बिनलाभाची.

अण्णांचा कारखाना म्हणजे खाली एक हॉल. टेबलांवर काट्यांची ताटं पालथी, डिंकाचा आणि डाखाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, वास. डाखाचाही धूर असतो, पण वर पंखा होता आणि खिडक्या उघड्या होत्या. मी आधी खिडक्याच मोजल्यासारख्या बघून घेतल्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अण्णा लुंगीवर होते.

"या, या. स्वल्प बसा. हाच का पोरगा? किती शिकलाय?"

"नववी," सर म्हणाले, माझ्याआधी. "पण मी तयार केलाय."

"सरी, सरी. नववी तर मी पण काठावरच."

अण्णा लॅपटॉपसमोर बसले आणि आकडे सोडून सगळं टाकलं. पाच किलो टाकलं. किलो हे शेपूट, प्रोग्रॅमनं परत मागितलं. नुसतं एंटर दाबलं. उणे टाकलं. स्वल्पविराम टाकला. दर वेळी पडद्यावर माझं ते वाक्य येत होतं आणि दर वेळी माझ्या लक्षात येत होतं की मी ते बदललेलं नाही. घाम पाठीवरून कमरेपर्यंत गेला. सर जरा मागं उभे होते, त्यांना अक्षरं दिसत नव्हती. अण्णांना दिसत होती, पण ते नुसते पुढचं काहीतरी टाकत होते.

मग अण्णांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी जेवणाचा डबा उचलला आणि सरळ कीबोर्डवर ठेवला. तीन कप्प्यांचा, पितळी. एक बटण दबलेलं राहिलं, पडद्यावर एकच अक्षर पसरत चाललं, ओळीमागून ओळ. फोन संपवून त्यांनी डबा काढला आणि एंटर दाबलं.

मी ओळ उचलायला जी जागा ठेवली होती ती छोटी होती. माणूस एवढं लिहील असं मला वाटलंच नव्हतं. जेवढं मावलं तेवढं प्रोग्रॅमनं घेतलं, नको म्हणाला; उरलेलं पुढच्या प्रश्नात पडलं, तेही नको म्हणाला; उरलेलं त्याच्या पुढच्या. मूस मी पुन्हा ठोकलेली नव्हती. पडदाभर तेच वाक्य, एकाखाली एक: मामा, परत एकदा टाका. मामा, परत एकदा टाका. मामा, परत एकदा टाका.

सर पुढं वाकले. वाचलं. चेहरा बघण्यासारखा झाला असेल, मी बघितला नाही.

"हा मामा कोण रे?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ॲक्चुअली, आय कॅन एक्सप्लेन..."

"तुम्ही थांबा हो. पोराला बोलू दे."

मी बोललो. भट्टी, बांगडी, लाभ, बारा तीनशे चाळीस, सगळं. खोकला मध्ये मध्ये आलाच. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या अज्जीपण लाभच म्हणायच्या. पण हे बघ, माझे काटे तमिळ माणूस घेतो, मारवाडी घेतो, आनेकलचा कांदेवाला घेतो. इथं एक म्हणजे एकच. लाभ-बीभ नको."

"एक्झॅक्टली," सर म्हणाले. "मी हेच—"

"पण बोलणं चांगलंय ह्याचं. आमच्या काट्यावर आधीच्या पोरानं काय लिहून ठेवलंय माहीत? एरर फोर. एरर फोर म्हणजे काय रे? गिऱ्हाईक मला फोन करतो, अण्णा, एरर फोर. मला काय ठाऊक! परत एकदा टाका म्हण की सरळ." त्यांनी डबा उघडून आत बघितलं आणि झाकण लावलं. "मामा काढ तेवढं. आणि हे ओघळतंय ते बंद कर. सोमवारी दाखव. मी परत डबा ठेवणार. नाही ओघळलं तर ते टेबल तुझं."

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडं बोट केलं. त्यावर एक ताट उघडं पडलं होतं.

परत जाताना सरांनी मला गाडीत मागं बसवलं. आरसा दोनदा नीट केला. मग म्हणाले, "मान खाली घालायला लावलीस."

"चुकलं सर."

"घरमालक आहे तो माझा. मामा! तो मामा म्हणून घेतोय स्वतःला स्क्रीनवर!"

"हो सर."

मला विचारायचं होतं ते ओघळण्याचं, आणि विचारायची सोय नव्हती. सोमवारपर्यंत मला एकट्याला सापडेल का, ह्याचा हिशेब मी करत होतो. यशवंतपूरच्या सिग्नलला गाडी अडली. लाल दिवा लांबला. सर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. त्यांना राहवेना.

"लाइन मोठी आली तर शेवटी एंटर सापडत नाही. आधी ते चेक कर. नसेल सापडला, तर एंटर येईपर्यंत एकेक अक्षर खात जायचं आणि फेकायचं. एवढं कळत नाही?"

"कळलं सर."

"काय कळलं? परत सांग."

मी परत सांगितलं. मागून गाड्या वाजायला लागल्या तरी त्यांनी माझ्याकडून पुरतं वदवून घेतलं, मगच गिअर टाकला. मागच्या सीटवर बसून मला त्या माणसाचा राग आला आणि डोळेही भरले, आणि दोन्ही एकाच गोष्टीमुळं होतं.

सोमवारी अण्णांनी डबा ठेवला. प्रोग्रॅमनं एकदाच, परत एकदा टाका, म्हटलं आणि गप्प बसला. अण्णांनी डबा उचलून दुसऱ्या बाजूनं ठेवून बघितला. मग जेवायला बसले. मला म्हणाले, "बस की. टेबल दाखवलंय ना?"

आता मी तिथं आहे. खोकला गेला नाही, कमी झालाय. दिवाळीला घरी गेलो तो चार दिवसांसाठी, वडिलांशेजारी कट्ट्यावर बसलो आणि उठून परत आलो. सर मला अधूनमधून येलहंकाला बोलावतात. त्यांच्या सोसायटीतले मराठी लोक जमतात तेव्हा मला मध्ये उभं करतात. "हा नववी पास. ह्याला सी येतं. विचारा, विचारा काहीही." कुणी काही विचारत नाही. त्यांतल्या निम्म्यांना विचारण्यापुरतंही येत नसावं. ते माझ्याकडं सर्कशीतल्या सायकल चालवणाऱ्या माकडाकडं बघावं तसं बघतात आणि कचोरी पुढं करतात. मग सर म्हणतात, "बोल काहीतरी." मी म्हणतो, "सगळं सरांमुळं." टाळ्या वाजतात. खोटं बोललो असतो तर बरं वाटलं असतं, पण ते खोटं नाही.

राहायला मी अजून मामांकडंच आहे, दुकानावरच्या माळ्यावर. सकाळी कारखान्यात जायच्या आधी लॅपटॉप उघडून मामांपुढं ठेवतो. पहिलं गिऱ्हाईक आलेलं असतं. मामा लाभ टाकतात, पडदा पुढं जातो. वजन जागा सोडून टाकतात, पडदा परत मागतो.

"आज काय झालं ह्याला?"

"टिंब, मामा."

"हेकट हाय तुझं मशीन. मालकावर गेलंय." पण टिंब टाकतात.

मग मी डबा घेतो, चपला घालतो. गिऱ्हाईक घाई करत असतं, मामा, पेटवा की, मला लांब जायचंय. मामा मुशी पुसत बसतात. काडेपेटी कुठं ठेवली म्हणतात, ती समोरच असते. बोळाच्या तोंडाशी येऊन मी बसकडं वळलो की मागून भट्टी फुलवणाऱ्या पंख्याचा आवाज सुरू होतो. त्याच्या आधी कधीच होत नाही.